गार पडलेले रातकिडे

आमच्या ह्यांनी सरडा पाळलाय. घरातला एकुलता एक हीटर त्याच्या काचपेटीला लावलाय आणि सासूबाई दोन स्वेटर घालून कुडकुडत बसतात. सरड्याला जिवंत रातकिडेच लागतात, म्हणून ह्यांनी ऐन थंडीत ते कुरियरने मागवले.

काल डबा आला. उघडला तर सगळे किडे पाय आखडून गार पडलेले. ह्यांनी डबा स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या बादलीत उपडा केला आणि तिथेच उभं राहून दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं.

"मेलेला माल पाठवता? मी काय आज सरडे पाळतोय?"

बादली ओव्हनला खेटून होती आणि ओव्हनमध्ये माझा केक होता. थंडीने नुसत्या निपचित पडलेल्या किड्यांना बरी ऊब मिळाली. ह्यांचं भाषण रंगात आलं असतानाच दुकानदाराने विचारलं, "साहेब, मागे काय किरकिरतंय?"

आता रातकिडे फ्रिजमागे आहेत, सोफ्यात आहेत, सासूबाईंच्या स्वेटरमध्येही आहेत. काचपेटीत मात्र एकही नाही. पेटीसमोर बसून हे आता दुकानदाराऐवजी कुरियरवाल्याच्या नावाने खडे फोडतायत. सरडा उपाशी आहे, पण निदान तोंड मिटून आहे.