नसलेल्या डिस्कवरचा आवाज

माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी खोटं बोलतो. डिस्क जमिनीवर आपटलेली असते आणि मालक सांगतो, काही केलं नाही हो, आपोआप बंद पडली. बुडालेला डेटा परत काढणं हा माझा धंदा. त्यामुळे डिस्क उघडण्याआधी मी माणसाला उघडते, आणि त्यात माझा आवाज चढतो. नवरा म्हणतो, तुझं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही ते काम चोख होतं म्हणून नाही, धसका घेतं म्हणून.

रेकॉर्डिस्टकाका मात्र आले ते खरं बोलतच. जन्म ध्वनिमुद्रणात गेलेला माणूस. काखेत डिस्कांची काळी पेटी, मागे काकू, त्यांच्या गळ्याला रुमाल. पेटी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "ताई, ही मी मारली."

काकूंच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. म्हणून त्याआधी काकांनी घरच्या स्टुडिओत काकूंना बसवून त्यांची रोजची वाक्यं भरून घेतली. पुढे फोनवर बोट ठेवलं की काकूंच्याच आवाजात वाक्य यावं, असा बेत. ऑपरेशन नीट झालं, काकू घरी आल्या आणि वाक्यं फोनमध्ये घालायच्या आत पेटी बंद पडली. फोनमध्ये एक तयार आवाज होता. काकूंनी तो एकदाच वापरला आणि फोन पालथा ठेवला. परक्या बाईच्या तोंडून बोलण्यापेक्षा गप्प बरी, असं त्यांनी काकांना लिहून दाखवलं होतं.

दुसरी प्रत ठेवली नाही का, असं मी विचारलं. काका म्हणाले, पेटीतच चार डिस्क आहेत, म्हटलं आणखी कशाला. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की दारावर पाटी लावावीशी वाटते. पेटीचं तंत्र साधं आहे. चार बहिणींना मिळून एक गोष्ट पाठ असावी तसं. तुकडे सगळ्यांत वाटलेले, शिवाय तुकड्यांचा हिशेबही त्यांच्यातच ठेवलेला. एक उठून गेली तरी उरलेल्या तिघी तिचे शब्द भरून काढतात. दोघी उठल्या की गोष्ट संपली. इथे दोघी उठल्या होत्या.

"पहिली गेली तेव्हा पेटी पी-पी करत बोंबलली असेल," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली. "हिचं रेकॉर्डिंग नुकतंच सुरू झालं होतं. ते पी-पी माइकमध्ये यायला लागलं. मी पेटी खोलून भोंग्याची वायर कापली."

माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी गिळलं. चांगल्या आवाजासाठी वाईट आवाज कापणं, एवढंच तर त्या माणसाने आयुष्यभर केलं होतं.

आधी मेलेली डिस्क मी बाजूलाच ठेवली. ती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच गेलेली, तिच्यावर काकूंचा आवाज असलाच तर नावापुरता. सगळा जीव नंतर गेलेलीवर. तिचं आतलं वाचणारं हेड निकामी झालं होतं. तशाच दुसऱ्या डिस्कचं हेड काढून, धुळीचा कणही येणार नाही अशा बंद कपाटात हात घालून, मी ते बसवलं. एवढं काम असलं की मी श्वाससुद्धा बेताने घेते. डिस्क फिरली, कुरकुरली, आणि नाखुशीने का होईना, वाचू लागली. मी तिची शेवटपर्यंत नक्कल उतरवून घेतली. आता तिघी हाताशी होत्या. चौथीचा, म्हणजे आधी मेलेलीचा, वाटा हिशेबातून काढायचा होता.

इथे माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो, आणि या वेळी जरा जास्तच आला. काकूंचं जवळजवळ सगळं बोलणं पहिली डिस्क मेल्यानंतरचं. म्हणजे त्यातला तिच्या वाटणीचा भाग कधी, कुठेच लिहिला गेला नव्हता. जागा रिकामी होती. तरी उरलेल्या तिघी ती अजून रांगेत बसलीय असं धरून इमानेइतबारे तिचाही हिशेब मांडत राहिल्या होत्या. वायर कापलेली, ओरडायची सोय नाही, तरी काम चालूच. मी या धंद्यात मुरलेली बाई, देवाधर्माच्या नादी न लागणारी, पण पडद्यावर फाइली उमटू लागल्या तेव्हा मला खुर्चीतून उठून उभं राहावंसं वाटलं. आणि मी राहिलेही.

दोघांना बोलावून मी पहिली फाइल लावली. आधी पी-पी ऐकू आलं, मग एका बाईचा जरा जाडसर, खट्याळ आवाज.

"अहो, ते काय वाजतंय? बघा ना आधी."

"काही नाही गं. बंद करतो. तू बोल."

खुडबुड, कात्रीचा कट्ट असा आवाज, आणि स्वच्छ शांतता. मग काकू पुढची वाक्यं बोलू लागल्या.

काकांनी मान खाली घातली. काकू एक हात गळ्याच्या रुमालावर ठेवून स्वतःला ऐकत होत्या, आणि त्यांच्याकडे बघण्याची मला हिंमत होईना. फाइल संपली. त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातला माउस घेतला. काकांनी प्रत्येक फाइलीला त्यातल्या वाक्याचंच नाव दिलं होतं. काकू त्यांत शोधत शोधत खाली गेल्या, एका नावावर थांबल्या आणि बटण दाबलं.

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

काकांनी चमकून वर पाहिलं. काकूंनी पुन्हा दाबलं, या वेळी थेट त्यांच्याकडे बघत.

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

ऑपरेशननंतरचं त्यांचं ते पहिलं भांडण. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"हो गं," ते म्हणाले. "सांगितलं होतंस."