कडी कापलेली गिनी

मी एक जुनी सोन्याची गिनी आहे, मित्रांनो, आणि भयंकर चिडलेली आहे. इतर जुन्या वस्तू तुम्हाला गोड आवाजात आपली कहाणी सांगत असतील. मला ते जमणार नाही. राग तुमच्यावर नाही, पण मधे बोलू नका.

माझा जन्म ब्रिटिश टांकसाळीतला. सोन्याच्या गोल चकतीवर दणका बसला आणि एका बाजूला राणीचा चेहरा उमटला, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. मग कुठे कुठे फिरले ते सांगत बसत नाही. शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका बाईकडे आले. लग्नात तिच्या वडिलांनी मला तिच्या हातावर ठेवलं. तिने सोनाराकडून माझ्या डोक्यावर कडी झाळून घेतली, साखळीत ओवून मला गळ्यात घातलं आणि एक्केचाळीस वर्षं उतरवलं नाही.

ती मशीनवर वाकली की मी पुढे लोंबायचे आणि मशीनच्या लोखंडी पाटावर आपटायचे. टक! कापड सरकवलं की पुन्हा टक. माझ्या खालच्या कडेला त्याने खाचा पडल्या. राणीचं नाक तर बाईच्या अंगठ्यानेच झिजलं. एखादं गिऱ्हाईक नसती कटकट करायला लागलं की ती तोंड मिटून मला चोळत बसायची. तिची दोन मुलं, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी, मशीनशेजारी कापडाच्या ढिगात झोपायची ती त्या टकटकीवरच. आवाज थांबला रे थांबला की दोघंही डोळे उघडायची.

थोरला मोठेपणी घड्याळं दुरुस्त करायला लागला आणि त्याला ब्रिटिश सोन्याची नाणी जमवायचं वेड लागलं. वेड म्हणजे वेडच! एकेका वर्षाची एकेक गिनी, प्रत्येकीला गोल पारदर्शक डबी, आणि लाकडी ट्रेमध्ये डब्यांची रांग. कोणी बोट लावलं की खेकसायचा, "कडेनं धरा हो! आणि पुसू नका. जुनं नाणं पुसलं की मेलं." हे त्याचंच वाक्य बरं का, लक्षात ठेवा.

धाकटीने आईचं मशीन चालवायला घेतलं. आई गेली ती दोघांच्या देखत सांगून गेली, "गिनी हिला." मी धाकटीच्या गळ्यात आले. पुढची दहा-बारा वर्षं पुन्हा तीच टकटक, मला काही कमी नव्हतं.

पण दादाच्या रांगेत एक डबी रिकामी होती आणि ती नेमकी माझ्या वर्षाची. नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन जवळ आलं तसा तो बहिणीकडे येऊन बसला.

"आठ दिवसांपुरती दे गं. रांग पुरी होते बघ."

"दादा, आईची एवढीच वस्तू आहे माझ्याकडे. नीट परत देशील ना?"

"अगं, मी नाण्यांचा माणूस! जशीच्या तशी देतो."

जशीच्या तशी! आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मला तर तळपायही नाहीत.

दुकानात त्याने मला डबीत बसवून पाहिलं. कडी आडवी आली, झाकण लागेना. दुसरी मोठी डबी आणावी की नाही? "एवढ्याशा कडीपायी अडलंय," म्हणत या शहाण्याने पक्कड घेतली आणि कडी कापली. तिथे वण राहिला, म्हणून कानस. कानशीचे ओरखडे दिसले, म्हणून पॉलिशचं चाक. मग वरची बाजू चकचकीत आणि खालची मळकट दिसायला लागली, म्हणून मला अख्खीलाच चाकावर धरलं. खालच्या खाचाही घासून सपाट केल्या. डबीचं झाकण लागल्यावर स्वतःवर खूश होऊन हसलासुद्धा.

प्रदर्शनात पांढऱ्या मिशांचे एक जाणकार काका होते. याला त्यांनीच नाणी ओळखायला शिकवलं होतं. त्यांनी भिंगातून मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे कुणी केलं?"

"मीच... कडी होती, काका."

"होती तर राहू द्यायची! गळ्यातली गिनी म्हणून मी कौतुकाने पाहिली असती. आता हे धड नाणं नाही, धड दागिना नाही. काढ ट्रेमधून."

त्याने डबीसकट मला ट्रेमधून काढलं. त्याच संध्याकाळी तो मला आणि अख्खा ट्रे घेऊन बहिणीकडे गेला. आधी ट्रेच पुढे केला. "यातली हवी ती घे. एकाहून एक सरस आहेत."

धाकटीने ट्रेकडे पाहिलंही नाही. तिने मला घेतलं आणि माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"खाचा कुठे गेल्या?"

"घासल्या."

"जुनं नाणं पुसलं की मेलं, असं जगाला सांगतोस ना तू? मग आईला का पुसलंस?"

अगदी माझ्या मनातलं बोलली. तो मान खाली घालून म्हणाला, "सोनाराकडे नेऊन कडी बसवून आणतो." ती म्हणाली, "तू आता हिला हात लावायचा नाही."

कडी तिने स्वतः बसवून आणली. नवी कडी मला टोचते आणि माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर ओरखडा दिसला तर पॉलिश शोधायच्या आधी विचारा, हा ओरखडा कुणाचा? तुमच्या हौसेपायी कुणाचं माणूस घासून टाकू नका. तेवढी अक्कल पन्नाशीच्या नाणेतज्ज्ञाला नव्हती, तुम्हाला असू दे.

परवा तो पुन्हा आला. रिकाम्या हाताने, दाराजवळच्या स्टुलावर गुपचूप बसला. धाकटी त्याच्याशी न बोलता मशीनवर वाकली. मी लोंबले, आपटले. टक. माझ्या गुळगुळीत कडेला पहिली खाच पडली. कापड सरकलं, पुन्हा टक. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, पण खांदे हलत होते ते दिसलंच.

धाकटीचे हात थांबले. "काय झालं, दादा?"

"काही नाही," तो म्हणाला. "तू थांबू नकोस."