तीन वगळून

"सर, मना येवढाच सांगा. आट मोठा का नव मोठा?"

चामटोली गावचे बुधाजी बाकाच्या कडेला अंग चोरून बसले होते. शेजारी त्यांची मुलगी जिज्ञासा, मांडीवर प्लास्टिकची फाइल घेऊन. खालच्या मजल्यावर जीन्स शिवायच्या मशिनी धडधडत होत्या. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या या क्लासात त्यामुळे सगळ्यांनाच मोठ्याने बोलावं लागे आणि प्रश्न ऐकूच आला नाही, असं म्हणायची सोय नव्हती.

"नऊ," प्रमोद सर म्हणाले.

"मंग माज्या पोरीचा काय चुकला?"

पोरीचं काहीही चुकलं नव्हतं. ते प्रमोद सरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रमोद सर अंबरनाथचे. वडील भगवानराव कारखान्यात फिटर होते. रविवारी विहारात लहान पोरांना गोळा करून ते सांगत, कुणी लिहून ठेवलंय म्हणून मानायचं नाही, मोठा माणूस बोलला म्हणून मानायचं नाही, आपण तपासून बघायचं. बाकीची पोरं खाऊ घेऊन पळत. प्रमोदने मात्र ते इतकं मनावर घेतलं, की गणितात एमएस्सी करताना तर्कशास्त्र निवडलं. पुढे संशोधन करायचं होतं. पण पोटापाण्यासाठी दोन वर्षं म्हणून क्लास काढला आणि त्या दोन वर्षांची सतरा झाली. कॉम्प्युटरच्या पोरांना लॉजिकचा पेपर असतो आणि तो त्यांना यमासारखा वाटतो. त्यांच्यासाठी सरांनी सिद्धता कशी लिहायची याच्या नोट्स काढल्या. त्या इतक्या चालल्या, की कल्याणपासून बदलापूरपर्यंत एकही झेरॉक्सचं दुकान असं नव्हतं जिथे सरांचं तिरकं अक्षर मिळत नसे. जिन्याजवळ पाटी होती, 'लॉजिक म्हणजे प्रमोद सर'. ती त्यांनी स्वतःच लावलेली.

त्या नोट्सच्या सतराव्या पानावर एक विधान होतं. कोणतीही संख्या घ्या. तितके दोन घेऊन एकमेकांना गुणा. येणारं उत्तर त्या संख्येच्या वर्गापेक्षा कधीच लहान नसतं. पाच घ्या. पाच दोनांचा गुणाकार बत्तीस, पाचाचा वर्ग पंचवीस. बरोबर. खाली इंडक्शनने सिद्धता दिली होती. एकासाठी खरं आहे हे आधी दाखवायचं, मग एका संख्येसाठी खरं असेल तर पुढच्या संख्येसाठीही खरंच असतं, हे दाखवायचं. सुबक सिद्धता होती. फक्त विधान खोटं होतं. तीन घेतले की एकीकडे आठ येतात आणि दुसरीकडे नऊ. सिद्धतेत जिथे पाय घसरला होता, नेमक्या त्याच ओळीत सरांनी लिहिलं होतं, 'हे उघड आहे.'

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ही चूक त्यांना दिसली. पुढच्या बॅचला दुरुस्त करू, असं त्यांनी ठरवलं. पण झेरॉक्सची झेरॉक्स गावभर झालेली, ती परत कुठून मागवणार? आणि मागवायची म्हणजे कबूल करायचं. मग त्यांनी सोपा मार्ग काढला. फळ्यावर उदाहरणं देताना एक घ्यायचा, दोन घ्यायचा आणि थेट पाचावर उडी मारायची. तीनच्या वाटेला जायचंच नाही. सहा वर्षांत एकाही पोराने विचारलं नाही. पोरं पाठ करत होती आणि सर त्यांना हुशार म्हणत होते.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये हे विधान परीक्षेत आलं. दहा मार्कांना. सिद्ध करा. पेपर काढला होता कॉलेजातल्या वृंदा मॅडमनी, आणि मॅडमसुद्धा सरांच्याच नोट्स वापरत. सगळ्यांनी घडाघडा उतरवलं. एकट्या जिज्ञासाने लिहिलं, की विधान चूक आहे, तीन घालून बघा. नुसतं एवढंच नाही, तर चारपासून पुढे ते खरं कसं ठरतं, याची सिद्धता तिने पायरी पायरीने दिली. तिला त्यात शून्य मिळालं आणि तीन मार्कांनी पेपर राहिला. ऐरोलीच्या एका कंपनीने तिला घेतलं होतं. जुलैत हजर व्हायचं होतं, पण सगळे पेपर सुटले तरच. कॉलेजच्या परीक्षा विभागाने सांगितलं, प्रश्न चुकीचा आहे असं लॉजिकमधले जाणकार म्हणून प्रमोद सरांनी शनिवारपर्यंत लिहून दिलं तर विचार करू.

"दोनच लाइन पाहिजेत, सर," जिज्ञासा म्हणाली. "क्वेश्चन राँग आहे, एवढंच. पुढचं ते बघतील."

"पण तू नोट्समधलं का नाही लिहिलंस?"

"लिहायला घेतलेलं. मग चेक केलं आणि हातच चालेना. तुम्हीच बोलता ना सर, प्रत्येक स्टेप चेक करा म्हणून."

दरवर्षी पहिल्या तासाला ते हे वाक्य टाकत. कुणी ते खरंच ऐकेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

सरांनी लेटरहेड पुढे ओढलं. प्रश्न चुकीचा म्हटलं, की तो आला कुठून, हे निघणार. वृंदा मॅडम पुन्हा एकही पोरगं इकडे पाठवणार नाहीत. सोमवारपासून नवी बॅच होती आणि समोरच्या इमारतीत दुसरा क्लास उघडला होता. हे सगळं त्यांच्या डोक्यात एका दमात येऊन गेलं. मग त्यांनी छान इंग्रजीत लिहिलं, की ही विद्यार्थिनी कष्टाळू आहे, ग्रामीण भागातून येते, तरी तिच्या उत्तराचा सहानुभूतीने विचार व्हावा. खाली सही केली, शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांना स्वतःची किळस आली, पण मारला.

जिज्ञासाने पत्र दोनदा वाचलं.

"यात क्वेश्चन राँग आहे असं कुठेच नाहीये, सर."

"असंच लिहायचं असतं. ते समजून घेतात."

"काय लिवलाय गो?" बुधाजींनी विचारलं.

तिने सरांकडे पाहिलं. सरांनी खडूचा डबा उघडला.

"चांगलं लिहिलंय, बाबा," ती म्हणाली. "माझी तारीफ केलीय."

बुधाजींनी उभं राहून हात जोडले. "लय उपकार झायले, सर." एखाद्याने चारचौघांत कानाखाली मारावी, तसे ते जोडलेले हात सरांना लागले.

कॉलेजने सहानुभूतीने विचार केला आणि निकाल कायम ठेवला. ऐरोलीच्या कंपनीने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

डिसेंबरात ती पुन्हा आली, एकटीच. सरांनी खुर्ची दिली तरी उभी राहिली.

"ऑक्टोबरला सुटला पेपर," तिने सांगितलं. "सेम क्वेश्चन आलेला. दहापैकी दहा मिळाले."

काय लिहिलंस, हे सरांनी विचारलं नाही.

"मी आता बदलापूरला एका क्लासात शिकवते, सर. नोट्सचे पंचवीस सेट पाहिजेत. पोरांना तुमच्याच पाहिजेत, दुसऱ्या चालत नाहीत."

सरांनी कपाटातून गठ्ठा काढला. वरचा सेट उघडला, सतरावं पान काढलं आणि खिशातलं लाल पेन घेतलं.

"जिज्ञासा, तुझंच बरोबर होतं. मला तेव्हाही माहीत होतं. तू बस, मी सगळ्या सेटमध्ये दुरुस्त करून देतो. पंचवीसच तर आहेत, आत्ता होतील."

तिने पानावर हात ठेवला. ती चिडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. पण ती चिडलेली नव्हती. समजावून सांगावं तसं ती म्हणाली, "नको, सर. पोरं नापास होतील."

तिने पान सारखं केलं आणि सेट दोन पिशव्यांत भरले. पिशव्या जड होत्या. त्यातली एक सरांनी उचलली आणि तिच्यामागून जिना उतरून रिक्षापर्यंत नेऊन दिली.