गाडीचं सुतक

आमच्या शास्त्रीबोवांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वीस वर्षांत नाशकातल्या निम्म्या गाड्यांची पूजा केली असेल. द्वारकेजवळच्या एका शोरूमशी त्यांचं ठरलेलंच होतं. गाडी विकली गेली की ढुंढिराजशास्त्री हजर. अंगठा ओल्या कुंकवात बुडवून बॉनेटवर दणदणीत स्वस्तिक काढायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा. कोऱ्या रंगावर कुंकू फासताना मालकाचा चेहरा कसा होतो, ते त्यांनी कधी पाहिलं नाही.

१९९६ साली आम्हीही एक जुनी फियाट घेतली. घेतली ती अक्कासाठी, म्हणजे माझ्या आईसाठी. चांदवडला ती एकटी राहायची, गुडघे गेले होते, एसटीच्या पायऱ्या काही तिला चढवेनात. पाडव्याला गाडी आली आणि अक्षय्य तृतीयेला अक्काला कायमचं नाशकात आणायचं ठरलं. तिने आनंदाने भांडीसुद्धा वाटून टाकली.

पण गाडीचा रंग उडालेला. अशा गाडीतून सासूला आणलं तर नाक कापलं जाईल, असं म्हणून शास्त्रीबोवांनी ती घरीच रंगवायला काढली. भाड्याने कॉम्प्रेसर आणला, गडद निळा रंग आणला. सुती कपड्याची तुसं ओल्या रंगाला चिकटतात म्हणून पूजेचं रेशमी सोवळं नेसून फवारा मारला. रंग बसला, पण चमक येईना. हात फिरवला तर संत्र्याची साल. मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासणं सुरू झालं आणि घासण्याचं माप जपाच्या माळांवर आलं. डाव्या हातात माळ, उजव्या हातात कागद. दाराला एक माळ, डिकीला दोन, बॉनेटला अकरा. मधेच कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. धूळ उडते म्हणून मला केर काढायला बंदी, तेलकट वाफ येते म्हणून फोडणीला बंदी. तीन महिने आम्ही बिनफोडणीचं वरण खाल्लं. अक्षय्य तृतीया गेली, आषाढ गेला. शेजारच्या फोनवरून अक्काचा निरोप यायचा, की एका पातेल्यावर दिवस काढतेय, कधी येताय?

श्रावणात चमक आली. खोटं कशाला बोलू, बॉनेटमध्ये बघून मी टिकली लावली असती, पण मला जवळ जाऊ देतील तर ना. पूजेचा विषय काढला तेव्हा शास्त्रीबोवांचा चेहराच उतरला. कुंकवाचा एकेक कण म्हणजे कानस असते, म्हणाले. मग वीस वर्षं लोकांच्या गाड्यांवर कानस फिरवत होतात का, असं मी विचारलं. त्यावर त्यांना एकदम संध्या आठवली.

शेवटी मी निक्षून सांगितलं, पूजा करा नाहीतर राहू द्या, आईला आणायचंय. तसेच निघालो. चांदवडला अक्का पिशवी घेऊन उंबऱ्यातच बसली होती आणि शेजारची मंजुषा पूजेचं ताट घेऊन उभी होती. बाबा गेल्यापासून एकवीस वर्षं अक्का कुंकवाला हात लावत नसे, म्हणून तिने सवाष्ण बोलावून ठेवलेली. पूजा झाल्याशिवाय नव्या गाडीत बसायचं नाही, असं तिचं म्हणणं.

मंजुषाने कुंकवात बोट बुडवलं आणि शास्त्रीबोवा आडवे आले. गाडीला सुतक आहे, म्हणाले.

कोणाचं, असं अक्काने विचारलं. पहिला मालक परवाच वारला, असं उत्तर मिळालं. पण त्याने तर गाडी विकली होती ना? त्यावर शास्त्रीबोवांनी घसा खाकरला. विकलेल्या गाडीला माहेरचं सुतक लागतं, लेकीला तीन दिवस, वाहनाला तीन महिने. रंग पुरता वाळायला तेवढेच दिवस लागतात, हे फक्त मला ठाऊक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर लोकांना शास्त्र सांगणारा माणूस एका डब्यातल्या रंगासाठी माझ्या आईशी खोटं बोलत होता.

अक्का काही दुधखुळी नव्हती. ती गुडघे धरत गाडीपाशी गेली आणि बॉनेटमध्ये वाकून बघत राहिली. तिचा चेहरा त्यात लख्ख दिसत होता, मोकळ्या कपाळासकट.

"मंजुषा, ताट ने घरी," ती म्हणाली. "हिलाही कुंकू चालत नाही, मलाही चालत नाही. आमचं दोघींचं जमेल."

रागाने नाही, अगदी सहज म्हणाली, आणि दाराकडे वळली. मग शास्त्रीबोवांनी मंजुषाच्या हातातलं ताट घेतलं. मला वाटलं, आता स्वतः स्वस्तिक काढतील. त्यांनी ते अक्कापुढे धरलं.

"तुम्ही काढा."

मी कशी काढू, असं ती म्हणाली. मंजुषाने तर तोंडाला पदर लावला. शास्त्रीबोवा ताट धरून तसेच उभे राहिले, अक्काचा हात वर येईपर्यंत. तिने बोट बुडवलं, बॉनेटला टेकवलं आणि थांबली.

"जावईबापू, ओरखडे पडतील."

"पडू द्या, अक्का," शास्त्रीबोवा म्हणाले. "दाबून काढा."