नोबुएने कातलेला जाडा वाडगा

मित्रांनो, मी लाकडाचा एक वाडगा आहे. जाड आहे, हाताला जड आहे आणि सपाट जागी ठेवलात तरी एका अंगाला किंचित कलतो. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे. आमच्या गावचे कातारी लेथवर लाकूड फिरवून वाडगे इतके पातळ काततात की उजेडापुढे धरले तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. अशा गावात माझ्यासारख्याने आपली गोष्ट सांगायला बसावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. वाटू दे. मी मान ताठ ठेवूनच सांगणार आहे.

आमच्या यामानाका गावाच्या वरच्या डोंगरात तोची जातीचे एक थोराड झाड होते. एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने ते मोडले. तोकुझो नावाच्या काताऱ्याने त्याचे ओंडके घरी आणले, त्यातल्या एकातून मला ओबडधोबड आकार दिला आणि चुलीवरच्या माळ्यावर सुकायला ठेवले. ओले लाकूड घाईने कातले तर पुढे वेडेवाकडे होते, म्हणून आम्हाला असे धुरात वाट पाहत बसावे लागते. माझे सोबती एकेक करून खाली गेले आणि सुंदर होऊन बाजारात गेले. माझी पाळी यायच्या आतच तोकुझोंचे हात थरथरू लागले. एके सकाळी त्यांनी लेथवर जुनी चादर टाकली आणि पुन्हा ती काढली नाही.

त्यांचा मुलगा शिगेओ गरम पाण्याच्या झऱ्याजवळच्या हॉटेलची बस चालवत असे. त्याला या कामाची कधीच गोडी नव्हती. लेथ विकून टाकू, त्या जागेत गाडी उभी राहील, असे त्याने ठरवले. गिऱ्हाईकही आणले. तोकुझो नुसते भिंतीकडे पाहत राहिले.

बोलली ती शिगेओची बायको, नोबुए. ती त्याच हॉटेलच्या मुदपाकखान्यात भांडी धुवायची. चाळिशी केव्हाच उलटली होती. तिने आलेल्या माणसाला चहा दिला आणि शांतपणे सांगितले, "लेथ विकायचा नाहीये. मी शिकणार आहे."

तोकुझो पुष्कळ दिवसांनी हसले. म्हणाले, "सूनबाई, वाडगे धुणं वेगळं आणि कातणं वेगळं."

"धुताना रोज हातात घेतेच की, बाबा. आता कसे होतात ते बघते."

त्यांनी तिला आपले एकही हत्यार दिले नाही. आमच्याकडे कातारी आपली हत्यारे स्वतः घडवतो. म्हणून तिला आधी भट्टी पेटवावी लागली. पोलाद लाल झाले की ठोकायचे, वाकवायचे, पाण्यात बुडवायचे. पहिले हत्यार तडकले. दुसऱ्याला धारच येईना. बोटांना फोड आले, ते झाकून ती कामावर जाई. शेजारच्या ओकिनोबाई भांड्यांना रोगण लावायच्या आणि जिभेने मोठ्या तिखट होत्या. त्या कुंपणावरून म्हणत, "काय गं, लोहारकाम धरलंस की काय?" नोबुए हसून पुन्हा भाता ओढू लागे.

हत्यार झाले, तेव्हा माळ्यावरून मला खाली काढण्यात आले. लेथच्या टोकावर मला ठोकून बसवले. तोकुझो जरा लांब स्टुलावर बसले होते. दोन्ही तळहात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. थरथर सुनेला दिसू नये म्हणून असेल, किंवा पुढे होऊन तिच्या हातातले हत्यार हिसकावून घेऊ नये म्हणूनही असेल.

लेथ फिरू लागला. मित्रांनो, पहिल्यांदा पोलाद अंगाला लागते तेव्हा कसे वाटते, ते सांगणे कठीण आहे. तिचे हत्यार थरथरले, नको तिथे रुतले आणि मी टोकावरून सुटून थेट भिंतीवर आदळलो. माझ्या काठाचा टवका तेव्हाच उडाला. नोबुएने धावत येऊन मला उचलले.

"फुटला?" तोकुझोंनी विचारले.

"काठ गेला थोडा."

"मग लाव परत. आणि श्वास घे. तू श्वास रोखून धरतेस, म्हणून हात अडतो."

तिने मला परत बसवले. आता लाकडाच्या लांब फिती सुटू लागल्या, तिच्या केसांत अडकू लागल्या. मधूनच लेथ थांबवून ती माझ्या बुडाला बोटाने टिचकी मारी. आवाज बद्द येत होता. तोकुझो म्हणाले, अजून लाकूड आहे, काढ. तिने थोडे काढले आणि हत्यार खाली ठेवले. बूड फुटेल याची तिला धास्ती होती.

"मी इथंच थांबते," ती म्हणाली. "मला पातळ नको, पुरा झालेला हवाय."

तोकुझोंनी मला मांडीवर घेतले, उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, "मांजराला दूध द्यायला बरा आहे." ओकिनोबाईंनी रोगण लावताना आणखी भर घातली, की एवढ्या रोगणात त्यांचे चार वाडगे झाले असते. पण त्यांनी हात आखडता घेतला नाही. मी तपकिरी, चमकदार होऊन घरी आलो आणि नोबुएने मला फळीवर मागच्या बाजूला, पाहुण्यांच्या नजरेआड ठेवले.

त्या घरात एक गोष्ट कोणी बोलत नसे. तोकुझो रात्री सगळ्यांबरोबर मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, सार घेत नसत. भूक नाही म्हणत. खरे असे होते, की त्यांनीच कातलेले ते नाजूक वाडगे आता त्यांच्या हातात राहत नव्हते. फुलासारखे हलके वाडगे हाताबरोबर थरथरत आणि सार अंगावर सांडे. सुनेने भरवावे हे त्यांना मरणाहून वाईट वाटे.

एका दुपारी घरात कोणी नव्हते. तोकुझोंनी सार गरम केले, नेहमीच्या वाडग्यात ओतले आणि उचलताच ते गुडघ्यावर सांडले. मग उठले, फळीवर मागे हात घालून त्यांनी मला ओढले. उरलेले सार माझ्यात ओतले, दोन्ही तळव्यांत मला धरले.

मी जड होतो. माझा भार त्यांच्या तळव्यांत बसला आणि हातांची थरथर मंदावली. माझी भिंत जाड, म्हणून बोटांना चटका बसला नाही. सार काठापर्यंत हेलकावत गेले, पण सांडले नाही. शेवटच्या घोटापर्यंत ते सगळे सार प्यायले. मी रिकामा झाल्यावरही त्यांनी मला खाली ठेवले नाही.

त्या रात्री ते सगळ्यांबरोबर जेवायला बसले. म्हणाले, "मला त्या जाड्या वाडग्यात वाढ."

शिगेओ म्हणाला, "बाबा, चांगला वाडगा घ्या ना."

"हा चांगला आहे," तोकुझो म्हणाले.

नोबुए पाठमोरी होऊन पातेल्यात पळी ढवळत राहिली. ढवळण्यासारखे त्यात काही उरले नव्हते. शिगेओने पुन्हा लेथ विकण्याचा विषय काढला नाही. उलट, लेथच्या खोलीचे गळणारे छप्पर त्याने सुट्टीच्या दिवशी स्वतः दुरुस्त केले.

तोकुझो शेवटपर्यंत माझ्यातच सार घेत राहिले आणि स्टुलावर बसून सुनेला शिकवत राहिले. तिचा हात सुधारला. तिचे वाडगे उजेडापुढे धरले की पलीकडची बोटे दिसू लागली. म्हातारबाबा गेल्यावर मात्र माझे कामच संपले. मला खिडकीत ठेवले गेले, उन्हाने अंगाला बारीक चीर पडली. आत कपड्यांचे चिमटे साठले. मी रागावलो नाही, पण मला वाईट वाटले.

मग ओकिनोबाई एक निरोप घेऊन आल्या. खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात ज्यांचे हात थरथरतात अशी माणसे आहेत, त्यांना धरता येतील असे वाडगे हवे आहेत. नोबुए लेथवर बसली आणि गंमत अशी, की तिला जाड वाडगा जमेना. हात आपोआप पातळ करत जाई. शेवटी तिने चिमटे ओतून टाकले, मला धुतले, माझी चीर रोगणाने बुजवली आणि लेथसमोर ठेवले. एकदा मला तळव्यांत धरायची, एकदा नव्या वाडग्याला. अशा रीतीने मी तिचा शिक्षक झालो.

वाडगे पोचवायला ती मलाही घेऊन गेली. जेवणाच्या खोलीत एका आजीबाईंनी भरवणाऱ्या मुलीचा चमचा बाजूला सारला, नवा वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतः सार प्यायल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. हा टवका उडालेला कोणाचा, हा कितीला, असे त्यांनी विचारले.

इतकी वर्षे पाहुण्यांपासून मला लपवणाऱ्या नोबुएने मला टेबलाच्या मधोमध ठेवले.

"हा द्यायचा नाही, आजी," ती म्हणाली. "हा माझा पहिला आहे."

मित्रांनो, लाकडाच्या भांड्याला पाण्यात बुडवून ठेवू नका, उन्हात टाकू नका. धुऊन लगेच पुसा, म्हणजे ते तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने केलेली पहिली वस्तू घरात कुठे मागे सारली असेल, तर तिला पुढे आणा. तिच्यावरची धूळ पुसा आणि कोणी विचारले तर सांगा, ती तुमची आहे.