निर्मनुष्य रानातली बाई

जावयानं सासुरवाडीला यावं, हातपाय धुवावेत, चहा घ्यावा, चार घास पोटात ढकलावेत आणि आलेल्या वाटेनं परत जावं. माईच्या जावयाला एवढं साधं जमत नव्हतं. तो आला की फटफटी उभी करून आधी घराच्या मागं जायचा, पाहणी करायला. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, खांद्याला कापडी पिशवी, हातात टोकाला आकडा असलेली लोखंडी काठी. बराच वेळ तिकडं काय काय करायचा, मग ओसरीवर येऊन उभ्या उभ्या माईला नापास करायचा. आई, लाकडं भिंतीला टेकवू नका. आई, कोंबड्यांचे दाणे सांडतात, त्यावर उंदीर येतात, उंदरांवर साप येतात. आई, पायरीखालची फट तशीच आहे.

हे कुणाला, तर माईला. जिच्या अंगणात सांडलेला भात उचलून खावा, तिला. माईची शाळा पाटी फुटली त्या दिवशीच संपली होती, पण घर कसं ठेवावं हे तिला कुणी फळ्यावर लिहून दाखवायची गरज नव्हती. गल्लीत तिला समोर माई म्हणत आणि पाठ वळली की कात्री म्हणत. ही कात्री मुलावर चालायची, सुनेवर चालायची, दूधवाल्यावर तर रोज चालायची. जावयापुढे मात्र ती मुकाट म्यानात जायची. जावई पडला. त्याला अहो म्हणायचं, तुम्ही म्हणायचं, आणि त्यानं अक्कल शिकवली तरी, बरं झालं बाई सांगितलंत, असं म्हणून आत जाऊन कढईवर झाकण आपटायचं.

जावई मूळचा काही शूर नव्हता. शहरात वीजबिलाच्या खिडकीत बसायचा आणि खिडकीबाहेरच्या रांगेतल्या शिव्या खायचा. मग एकदा कुणाच्या तरी जिन्यातली धामण त्यानं आकड्यानं उचलून पिशवीत घातली, कुणीतरी ती मोबाईलवर चित्रित केली, आणि ज्या माणसाला लोक अरे म्हणत होते त्याला सर म्हणायला लागले. तिथून जे वारं शिरलं ते शिरलंच. आता शहरात कुठंही साप निघाला की सरांना फोन जायचा. सर यायचे, साप धरायचे, त्याच्याशी पोटच्या पोरासारखं बोलायचे आणि त्याला त्याच्या हक्काच्या रानात सोडून यायचे. माईची लेक ही चित्रफीत शेजारणींना दाखवत हिंडायची. नवऱ्याचं पगारपत्रक तिनं कधी एवढ्या अभिमानानं दाखवलं नव्हतं.

माईचं दुखणं वेगळंच होतं. तिच्या घराभोवती साप वाढले होते. मागं कुंपण, कुंपणापलीकडे झुडपं आणि ओढा, म्हणजे एखादं लांबडं दिसणारच. सासूच्या वेळेपासून दिसत आलं होतं. पण आता ती येणंजाणं सोडून वस्तीलाच आली होती. कपडे धुवायच्या दगडामागं घोणस निघाली. कुकरची शिट्टी अडकावी तशी फुस्स करत बसली होती, आणि सून ओलं पांघरूण छातीशी धरून तिथंच खिळली होती. मग कोंबड्यांच्या खुराड्यात नाग निघाला, अंडी गिळून सुस्त; तो जावयानंच येऊन धरला.

माईनं हार मानली नाही. लाकडं भिंतीपासून दूर लोखंडी घोडीवर रचली. पायरीखालची फट सिमेंटनं बुजवली. मोरीच्या तोंडाला जाळी ठोकली, गवत कापलं, खुराडं उंच केलं. चपला झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, बॅटरीशिवाय अंधारात पाऊल टाकायचं नाही, असे कायदे केले आणि स्वतः पाळले. तरी साप येतच राहिले. त्यांना जणू माईच्या घराचं आमंत्रण होतं.

शेवटी सुनेनं सकाळी गादी गुंडाळायला उचलली, तर खालून मण्यार निघाली. काळीभोर, अंगावर पांढरे पट्टे. हिचा दात लागला तर मुंगी चावल्याइतकंही कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो, असं जावयानं सगळ्यांना समजावून सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. सुनेनं त्या दिवसापासून टेबलावर झोपायला सुरुवात केली. मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. तो परत आला, बायकोला टेबलावर बघितलं आणि शहरात बहिणीच्या घराजवळ दोन खोल्या ठरवून मोकळा झाला. घराला कुलूप, गाय विकायची, कोंबड्या वाटून टाकायच्या. माई म्हणाली, मी इथंच राहते. मुलगा म्हणाला, आई, तुला एकटीला इथं ठेवून मी गाडी कशी चालवू? माई उठून फळीवरची भांडी काढायला लागली. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

जावयानंही री ओढली. हा परिसर आता सापांचा अधिवास झालाय म्हणाला. अधिवास म्हणजे काय ते माईला कळलं नाही, पण आपल्या घरात आपण पाहुणे ठरलो एवढं बरोबर कळलं.

निघायच्या दिवशी रविवार होता. भांडी पोत्यात गेली होती, पाटा-वरवंटा कुणी न्यायचा यावर मुलगा आणि सून यांचं आतल्या खोलीत वाजलं होतं, गाईचं गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. लेक-जावई मदतीला आले. म्हणजे लेक मदतीला आली आणि जावई पिशवी घेऊन मागं पाहणीला गेला. जाता जाता शेवटचं बघून येतो म्हणाला.

माई रिकाम्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. भिंतीवर जिथं फळी होती तिथं पांढरा पट्टा उरला होता. आईचा चेहरा बघून लेकीला वाटलं, हिचं मन जरा रमवावं. तिनं मोबाईल काढला. ह्यांची नवी चित्रफीत बघ आई, लाखभर लोकांनी बघितलीय म्हणाली. सूनही भांड्यांचं पोतं शिवता शिवता मान लांब करून बघायला लागली.

पडद्यावर जावई होता. आवाज एकदम खाली उतरलेला, देवळात बोलावं तसा. मित्रांनो, मानवी वस्तीपासून कोसो दूर, ह्या निर्मनुष्य रानात आपण ह्या नागराजाला मुक्त करतोय. मागं झुडपं, पाण्याची खळखळ. पिशवीचं तोंड उघडलं, नाग बाहेर आला, आणि त्याच क्षणी निर्मनुष्य रानातून एका बाईचा आवाज आला. लांबून, पण खणखणीत. कुणाच्या तरी सात पिढ्या ती धुवून वाळत घालत होती.

माईनं कपाळाला हात लावला. बाई बाई, काय जीभ म्हणायची ही. रानात राहून ही गत, तर वस्तीत असती तर काय केलं असतं. हिच्या घरची माणसं जगतात कशी, असं तिनं मनापासून विचारलं.

सुनेला एकदम ठसका लागला. ती तोंडावर हात दाबून पोत्याच्या मागं वाकली आणि तिचे खांदे हलायला लागले. लेकीला काही कळेना. तेवढ्यात पडद्यावरची बाई ओरडली, "ठमे, दावं तोडलंस ना परत? खा, खा, सगळा पालक खा, मग मला खा!"

ठमी गाईचं नाव. ती मागच्या गोठ्यात उभी होती, गिऱ्हाइकाची वाट बघत.

माईनं मोबाईल लेकीच्या हातून घेतला. परत लाव म्हणाली. परत लावलं. मग आणखी दाखव म्हणाली. लेकीचा चेहरा उतरत चालला होता, पण आईच्या आवाजापुढे तिचं बोट आपोआप चालत होतं. ह्या फितीत घोणस, तीच झुडपं, तोच ओढा, आणि मागं कुकर किती वेळा ओरडला यावरून सुनेशी चाललेली हुज्जत. त्या फितीत मण्यार. मग खुराड्यातला नाग. तो तर माईच्या डोळ्यांसमोर पुढच्या अंगणात पिशवीत गेला होता. पार डोंगरापलीकडे नेऊन सोडतो आई, असं सांगून जावई फटफटीवर बसला होता. फटफटी जेमतेम वळणापर्यंत गेली असणार, कारण पडद्यावर नाग झुडपात शिरत होता आणि मागं माई कुंपणावरून शेजारणीला सांगत होती, वाघ आहे हो माझा जावई, पार डोंगरापलीकडे नेऊन सोडतो.

लाखभर लोकांनी ते ऐकलं होतं.

माईला एकेक सगळं आठवत गेलं. दर खेपेला भरून आलेली आणि मागून रिकामी होऊन येणारी ती पिशवी. जाताना त्याच पिशवीत ती स्वतः वांगी भरून द्यायची, वर दोन लिंबं, जावई आवडीनं खातो म्हणून. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती उठली ती शांतपणे. सुनेला आधी बाहेर पाठवलं, गाईचं गिऱ्हाईक आलं तर फाटकातूनच परत लाव म्हणून. सून एक क्षण थांबली. शहरातल्या दोन खोल्यांतल्या खिडकीला कुठला पडदा लावायचा हे तिनं ठरवून ठेवलं होतं. पण टेबलावर झोपून तिची पाठही धरली होती, आणि ते कुणाच्या कृपेनं हे आता तिलाही दिसलं होतं. ती गेली.

जावई हात पुसत ओसरीवर आला. पिशवी खांद्याला, रिकामी. मुलगा वरवंटा घेऊन उभा होता, त्याला लेकीनं रडत रडत सगळं सांगितलं. जावयानं आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाला, यात शास्त्र आहे. सापाला पाणी लागतं, उंदीर लागतात, आडोसा लागतो, शहरात एवढी चांगली जागा कुठं आहे. आणि खरं रान लांब आहे, फटफटीला परवडत नाही. शिवाय घरात कधी सोडला नाही, कुंपणाच्या पलीकडेच सोडला. खुराड्यातला नाग तेवढा घाईत वळणावरच सोडला, फोनवर फोन येत होते. मग त्याला आपला सगळ्यात मोठा मुद्दा सापडला. आई, लग्न झालं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, हे घर आपलंच समजा.

मुलानं वरवंटा खाली ठेवला. आई, जाऊ दे, जावई माणूस आहे, पुटपुटला. लेक नवऱ्याकडे बघत नव्हती. सून फाटकापासून परत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कात्री चालावी असं वाटत होतं, आणि ती कुणावर चालणार हे बघायचं होतं.

माईनं पदर खोचला. जावयासाठी खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ हातानं झाडली आणि त्याला बसायची खूण केली. तो बसला. मग ती त्याच्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. अहोही सोडलं नाही.

"अहो जावईबापू, सापांवर माझा राग नाही. मुकी जनावरं. पिशवीतून ओतली तिथं राहिली, त्यांना काय माहीत घर कुणाचं. तुम्हाला माहीत होतं. माझं म्हातारीचं राहू दे, माझ्या सुनेच्या उशापायथ्याशी तुम्ही मरण सोडून गेलात आणि वर मलाच म्हणालात, आई, फट बुजवा. बुजवली. आता मी कुठं जात नाही. गाय जात नाही, भांडी जात नाहीत. तुम्हीच राहायला यायचं. उद्या ऑफिसात रजा टाका, कारण विचारलं तर खरं सांगा. जेवढी सोडलीत तेवढी शोधून, त्याच पिशवीत घालून, खरोखरच्या डोंगरापलीकडे नेऊन सोडायची. जेवायला मी वाढीन, त्यात कमी पडणार नाही. आणि शेवटचं लांबडं जाईपर्यंत तुमचं अंथरूण ह्याच ओसरीवर. टेबल सुनेला लागतं. तुम्ही खाली झोपायचं."