सहा चाळीसची नोंद

गल्लीच्या तोंडाशी बेचाळीस पिशव्या होत्या. एकोणीस काळ्या, बाकीच्या दुकानांच्या नावांच्या. शिवाय दोन गाद्या, एक फुटका कमोड आणि पिशव्या फाडून दमलेली चार कुत्री. गाडी न येण्याचा हा नववा दिवस. थोरली लेक घरी शिवणकाम करायची, टेप कायम गळ्यात. तिने भिंत आणि ढीग यांच्यातली वाट मोजली: एकवीस इंच. बाबांची चाकांची खुर्ची पंचवीस.

सात वीस झाले होते. आठला बाबांना डायलिसिसच्या मशीनवर घ्यायचं होतं. चार तास, बाराला पुढचा पेशंट. तेवढ्यात अंगात साचलेलं पाणी निघून वजन छप्पन्न किलोवर यायला हवं. वर राहिलं की बाबांना आडवं होता येत नसे. बसून, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यावा लागे. गेल्या खेपेला याच ढिगापायी पाऊण तास हुकला, तर दोन रात्री ते तसेच बसून होते.

तिने पालिकेच्या कचरा ऑफिसला फोन लावला.

"कचरा उचललाय, बाई. आज सकाळी सहा चाळीसला. नोंद आहे."

"मग माझ्या पायाशी काय पडलंय?"

"ते मला इथून कसं दिसणार? स्टिकर स्कॅन झालाय. म्हणजे गाडी येऊन गेली."

ऑफिसने प्रत्येक गल्लीच्या भिंतीवर एक स्टिकर चिकटवला होता. ड्रायव्हरने त्याच्यासमोर मोबाइल धरला की गल्लीची हजेरी लागायची. थोरलीने भिंतीकडे पाहिलं. तिथे स्टिकर नव्हता, नुसता तळहाताएवढा पांढरा चौकोन होता. अख्ख्या गल्लीत तेवढीच जागा स्वच्छ.

तिच्या डोक्यात सणक गेली. "बाबा, आलेच मी. इथेच बसा."

"बसलेलाच आहे," बाबा म्हणाले. "कुणी विचारलं तर काय सांगू, ओला कचरा की सुका? पाणी तर भरपूर आहे."

ती हसली नाही.

गाडी मोठ्या रस्त्यावर चहाच्या दुकानासमोर उभी होती, रिकामी. केबिनच्या दाराला आतून चौदा स्टिकर नेटके, ओळीने लावले होते. नववा तिच्या गल्लीचा.

"हे काय आहे रे?"

"ताई, ओरडू नका ना," ड्रायव्हर म्हणाला. "चौदा गल्ल्या, एक गाडी, दोन माणसं, त्यातला एक पळाला. साहेबांना साडेसातच्या आत स्क्रीनवर सगळ्या गल्ल्या हिरव्या दिसायला हव्यात. मी उचलू की स्कॅन करू?"

"म्हणून भिंत खरवडून आणलीस?"

"उद्या तुमच्यापासूनच सुरुवात करतो."

"उद्या? माझ्या बापाला उद्या चालत नाही! गाडी काढ. नाहीतर हे चौदाच्या चौदा साहेबांच्या कपाळाला चिकटवते, आणि एखादा उरला तर तुझ्या."

गाडी निघाली. पण वळणावर उलटी घेण्यातच सतरा मिनिटं गेली. उचलायला माणूस एकच, म्हणून थोरलीने बाह्या सरसावल्या. तिसऱ्या पिशवीतलं काळं पाणी थेट चपलेत उतरलं. शेजारीपाजारी खिडक्यांतून मजा बघत होते.

"तुमच्याच आहेत ना?" ती वर बघून ओरडली. "हात लावायला खाली या, नाहीतर तोंडं आत घ्या!"

दोन खिडक्या लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या उतरल्या, त्यांनी गादीचं एक टोक धरलं. बाबा घड्याळाकडे बघत होते. आता ते विनोद करत नव्हते. खुर्ची बाहेर पडायला नऊ दहा झाले.

दवाखान्यात पोचले तेव्हा नऊ चाळीस. नर्सने थोरलीच्या हातांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "बाराला सोडावं लागेल, ताई. पुढचे आजोबा लवकर येतात, त्यांनाही चार तास लागतात."

"माहितेय. लावा पटकन."

ती बाहेर हात धूत होती तेव्हा ऑफिसमधून फोन आला. "बाई, तुमच्या गल्लीत आज दोनदा कचरा उचलल्याची नोंद दिसतेय. असं कसं?"

थोरलीने जी शिवी दिली ती ऐकून शेजारचा वॉर्डबॉय वळला. तिने फोन बंद केला.

बाराला मशीन थांबलं. नर्सने बाबांना खुर्चीसकट काट्यावर घेतलं, खुर्चीचं वजन वजा केलं आणि कागदावरच्या छप्पन्नसमोर लिहिलं: सत्तावन्न किलो सातशे ग्रॅम.